माथ्याची शिवण

१२ मे

गायिकाबाई,

तुझं पत्र मिळालं. कागद छान आहे, कडेला पानंफुलं छापलेला. असा कागद निवडून विकत घ्यायला माणसाला सवड लागते, ती तुझ्याकडे पहिल्यापासून आहे. मी कारखान्यातल्या जुन्या पावत्यांच्या मागच्या बाजूवर लिहिते आहे, चालवून घे.

फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर तू गोड बोलतेस आणि मी तोडून बोलते, मग ऐकणाऱ्याला वाटतं की वाईट मीच. कागदावर आवाज जात नाही. तुझं सगळं भांडवल आवाजात आहे, तेव्हा इथे आपण दोघी सारख्या.

मुद्द्यावर येते. जूनमध्ये तळ्याकाठच्या माळावर तीन दिवसांचा संगीत महोत्सव आहे, तुझा बँड शनिवारी संध्याकाळी गाणार आहे, पोरीला मैत्रिणींबरोबर तंबूत राहायला पाठवा, पासचं मी बघते, असं म्हणतेस. इथपर्यंत ठीक. पण त्याखाली तू बारीक अक्षरात जे लिहिलंस, "तिला आवडलं तर सुट्टीभर माझ्याकडे राहू दे, मग पुढचं पुढे", ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. ती चार वर्षांची होती तेव्हा माझ्या दारात येऊन "जरा हिला बघा, संध्याकाळी येते" म्हणालीस, तेव्हाही तुझ्या मनात पुढचं पुढेच होतं. मी शेजारची शिवणवाली काकू, मी बघितलं. तुझी ती संध्याकाळ अजून झालेली नाही.

त्यानंतर तुझ्या नवऱ्याशी माझं लग्न झालं ते तुला माहीत आहे. पोर मला आधीपासून काकू म्हणायची, लग्नानंतरही काकूच म्हणत राहिली. मी कधी बदल म्हटलं नाही. तिला आम्ही टाचणी म्हणतो, बारीक आहे आणि टोचते म्हणून. तिचं खरं नाव तू ठेवलेलं आहेस, ते मी शाळेच्या कागदांपुरतं वापरते.

आता तुझा माजी आणि माझा आजी नवरा, म्हणजे आपला लिफ्टवाला, काय म्हणाला ते सांगते. काही म्हणाला नाही. लोकांच्या इमारतीतल्या अडकलेल्या लिफ्ट तो चालू करून येतो आणि घरात स्वतः दोन मजल्यांच्या मध्ये अडकून बसतो. मी पत्र समोर ठेवलं, त्याने मिठाची गुळणी धरली. टाचणी चहाचा कप हातात घेऊन भिंतीला टेकून उभी होती. तिला तुझ्या पत्रातलं सगळं आधीच माहीत होतं, हे मला तिच्या कानांवरून कळलं. ते लाल होतात.

मी नाही म्हटलं तर मी गोष्टीतली सावत्र आई. हो म्हटलं तर तू गोष्टीतली परी. म्हणून मी हो म्हणाले. सोळा वर्षांची आहे, मैत्रिणी बरोबर आहेत, जाऊ दे. महोत्सवाला जाऊ दे. सुट्टीभर वगैरे काही नाही. रविवारी संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात हवी.

आणि या वेळी खरंच येणार असशील तर जन्मात एकदा वेळेवर ये. जमलं तर एक दिवस आधी ये, म्हणजे पोरीला वाट बघण्याची सवय मोडता येईल.

शिवणवाली


२८ मे

गायिकाबाई,

तयारी जोरात आहे. तुला ऐकायला आवडणार नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

नवे बूट घेतले. दोन-दोन मोजे घालून तिला घरात फिरवते आहे, नाहीतर पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतील आणि ती तीन दिवस लंगडेल. फोन बंद पडले आणि एकमेकी हरवल्या तर कुठे भेटायचं ते ठरवून दिलंय, पाण्याच्या टाकीपाशी, स्टेजपाशी नाही, कारण स्टेजपाशी सगळेच भेटायचं ठरवतात. अनोळखी माणसाने दिलेलं प्यायचं नाही. ओळखीच्याने दिलेलंही वास घेऊन प्यायचं. तिची मैत्रीण लांबडी हे सगळं मान डोलवत ऐकते आणि मी वळले की माझी नक्कल करते. काचेत दिसते मला. बरी करते.

कानात घालायला कारखान्यातले बोळे दिले, आम्ही मोठ्या मशीनवर वापरतो ते. टाचणी म्हणाली की काकू, आम्ही गाणं ऐकायला जातोय. मी म्हटलं, तुझी आई गायला लागली की उपयोगी पडतील. ती खुदकन हसली आणि मग हसलो याचं तिलाच वाईट वाटलं, असं तोंड झालं. पण हसली, हे तू लक्षात ठेव.

तंबूचं सांगते. बाजारात जे मिळतात ते तंबू नव्हेत, छत्रीची नातवंडं आहेत. मी गेली वीसेक वर्षं तंबू आणि ताडपत्र्या शिवते, माझ्या पोरीने असल्या चिंधीत झोपायचं? मालकाला विचारून उरलेलं जाड कापड घेतलं. गडद हिरवं. तिघींना पुरेल एवढा शिवते आहे.

आमच्याकडे कामाची एक पद्धत आहे, ती तुला कळावी. सुईने कापडाला भोकं पडतात आणि पाऊस त्यातून आत येतो. म्हणून शिवण झाली की तिच्यावर मेण घासायचं, आणि अंगठ्याने दाबून दाबून ते भोकांत जिरवायचं. माथ्याची शिवण सगळ्यांत महत्त्वाची, कारण तंबूचे दोन्ही उतार तिथे जोडतात आणि झोपणाऱ्याचं डोकं बरोबर तिच्याखाली येतं. मी शिवते आणि टाचणी मेण लावते. शाळेतून सुटली की कारखान्यात यायची आणि माझ्या टेबलाखाली मेणाची वडी घेऊन बसायची. तिच्या उजव्या अंगठ्यावर घट्टा आहे. तू तिला भेटशील तेव्हा हात हातात घेशीलच, नाटक तुला चांगलं जमतं, तेव्हा तो घट्टा हाताला लागेल. तो माझ्याकडचा आहे.

परवा कारखान्याच्या अंगणात त्यांना तंबू उभारायला शिकवला, अजून अर्धा टाचलेलाच होता. लांबडीने खुंटी उलटी ठोकली. टाचणीने सगळ्या दोऱ्या बरोबर ताणल्या, आणि ताणता ताणता गुणगुणत होती. कारखान्यातल्या बायका थांबून ऐकायला लागल्या. एक जण म्हणाली, अगं हिचा गळा कुणाचा? मी म्हटलं, बापाचा. बाप तर बाथरूममध्येसुद्धा गात नाही.

शिवणवाली


१५ जून

गायिकाबाई,

तुझं दुसरं पत्र आलं. शनिवारी दुपारी पोहोचते म्हणतेस. म्हणजे एक दिवस आधी येणं काही जमलं नाही. मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. शुक्रवारी पोरी एकट्या चिखलात खुंट्या ठोकतील आणि शनिवारी तू केस विंचरून स्टेजवर जाशील. तुझं आईपण नेहमी तयार ताटावर येऊन बसतं.

पत्रात तू लिहिलंस की मी तिला छान वाढवलंय आणि तुझ्या मनात माझ्याबद्दल काही नाही. माझ्या मनात तुझ्याबद्दल भरपूर आहे, त्यामुळे हिशेब जुळत नाही.

आता एक गंमत ऐक. काल तिची पिशवी मी भरून दिली. तीन दिवसांचे कपडे, टॉर्च, ओले पुसायचे कागद, दम्याचा पंप. तिला दमा आहे. गार पाण्यात भिजली की छाती भरते. तुला कुणी सांगितलं नसेल, आणि तू विचारलं नाहीस. मी बाहेर गेले, परत आले, तर पिशवी फुगलेली. उघडून बघितलं. तळाशी तिचा थंडीतला जाड कोट, घडी करून, वर टॉवेल घालून झाकलेला.

जूनमध्ये. तीन दिवसांसाठी. थंडीतला कोट.

मी शिवणकाम करणारी बाई आहे, कपडा बघून माणूस कुठे निघालाय ते मला कळतं. मी तिला काही विचारलं नाही. कोट होता तसा परत ठेवला, तिने घातलेल्या घडीसकट. रात्री जेवताना लिफ्टवाल्याला म्हटलं की टाचणी मोठी झाली. तो म्हणाला, हो ना. त्यालाही माहीत होतं. या घरात मीच एकटी होते जिला वाटत होतं की रविवार म्हणजे रविवार.

असो. तंबू झाला. टाचणी मेणाची वडी घेऊन बसायला आली होती. मी म्हटलं, राहू दे, तू तुझी तयारी कर, या वेळी मेण मी लावते. तिने जरा चमकून बघितलं, मग लांबडीचा फोन आला आणि गेली.

शुक्रवारी रात्री पाऊस आहे म्हणतात. मी तिला सांगून ठेवलंय की भिजलीस, छाती भरली, तर ताबडतोब घरी फोन कर, बाबा गाडी घेऊन येतील. तू शनिवारी दुपारी निवांत ये. घाई करू नकोस.

शिवणवाली


२० जून, सकाळ

हे पत्र मी टाकणार नाही, त्यामुळे खरं लिहिते.

माथ्याच्या शिवणीला मी मेण लावलं नाही. बाकी सगळ्या शिवणी चोख केल्या, अंगठा सुजेपर्यंत. माथ्याची तेवढी कोरडी सोडली. टाका दाट घातला, कापड खेचून बघितलं, दिसायला अशी झाली की मालकाने पाठ थोपटावी. आणि तो तंबू घडी करून पोरीच्या खांद्यावर दिला.

हिशेब साधा होता. रात्री पाऊस. पाणी डोक्यावर. तिघींची पाचावर धारण बसणार, टाचणी फोन करणार, लिफ्टवाला गाडी काढणार, आणि सकाळी ती माझ्याकडे ब्लँकेटमध्ये बसून सूप पीत असणार. तू दुपारी येणार, पाण्याच्या टाकीपाशी उभी राहणार. तुला कळलं असतं वाट बघणं म्हणजे काय असतं.

छाती भरेल हे मला माहीत होतं. म्हणून पिशवीच्या वरच्या कप्प्यात एक वेगळी पिशवी घातली, ताडपत्रीच्या कापडाची, तोंड चिकटपट्टीने बंद केलेली. त्यात पंप, कोरडे कपडे, लोकरीचे मोजे, टॉवेल. आजारी पडावी असं मला वाटत नव्हतं. घरी यावी असं वाटत होतं. हे दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते मी तीन संध्याकाळ विचार करून काढलं, आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं.

पाऊस पडला. इथेही पडला. मी खुश झाले, खोटं कशाला सांगू. छपरावर आवाज आला आणि मी सूप चढवायला भाज्या चिरून ठेवल्या.

आता उजाडून बराच वेळ झाला. फोन आलेला नाही. लिफ्टवाला गाडीची किल्ली समोर ठेवून बसलाय, सारखा माझ्याकडे बघतोय. मी त्याला म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस, फोनकडे बघ. मी केला तर तिचा बंद लागतो. लांबडीचाही.

कदाचित पाऊस तिकडे कमी पडला असेल.


२३ जून

तुला,

पोर परत पाठव. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

काल लांबडी आली होती. तिच्याकडे टाचणीची पिशवी होती, अर्धी रिकामी. मी दार उघडलं तर म्हणाली की काकू, टाचणी आठवडाभर तिकडेच राहणार आहे, काकांना मेसेज केलाय तिने. काकांनी मला सांगितलं नव्हतं. मी लांबडीला आत बसवलं, बिस्किटं पुढे केली आणि एक-एक करून सगळं काढून घेतलं. ती बिचारी भाबडी, तिला वाटलं मला मजा ऐकायची आहे.

तर तू शुक्रवारीच गेलीस. दुपारीच. पोरी बसमधून उतरल्या तर तू फाटकाशी उभी, हातात तीन कप चहा. लांबडी म्हणाली की टाचणीची आई म्हणाली, कुणीतरी मला लिहिलं होतं की एक दिवस आधी ये, म्हणून आले. सगळ्या बँडला मागे टाकून एकटीच व्हॅन घेऊन आलीस. तुला बारा वर्षांत कुणी काही सांगितलं तर तू ऐकलं नाहीस. नेमकं माझं ऐकलंस. माझीच जीभ मला नडली.

तंबू उभारताना तू दोरी धरलीस म्हणे. खुंटी मारता येईना, पोरी हसल्या.

मग पाऊस. लांबडीच्या अंगावर पहिलं पाणी पडलं, तिला वाटलं तिसरी मैत्रीण बाटली सांडते आहे. मग टाचणीच्या तोंडावर. मग धार. अंथरुणं भिजली. टाचणीची छाती भरली. तुझी व्हॅन जवळच होती, तू धावत आलीस, तिघींना व्हॅनमध्ये नेलंस. आणि तिला धाप लागलेली बघून तू रडायला लागलीस. लांबडी म्हणाली, काकू, ती बाई इतकी घाबरली की टाचणीच तिची समजूत घालत होती. मला हे ऐकून बरं वाटलं. त्या सगळ्या गोष्टीत मला बरं वाटावं असं तेवढं एकच होतं.

मग त्यांनी माझी बंद पिशवी फोडली. पंप निघाला, टॉवेल निघाला, मोजे निघाले, सगळं ठणठणीत कोरडं. लांबडी म्हणाली, काकू कसली भारी आहे, हिला कसं माहीत होतं? तिघी हसल्या. टाचणी आधी हसली. मग गप्प झाली. पंप ओढला, श्वास ताळ्यावर आला, आणि तू नको म्हणत असताना टॉर्च घेऊन बाहेर गेली. लांबडी छत्री घेऊन मागे. टाचणीने तंबूच्या माथ्यावर हात ठेवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवला. लांबडीने विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही.

लांबडीला अजून काही कळलेलं नाही. बिस्किटं संपवून गेली.

तू ही गोष्ट कुणाकडे बोललीस तर मी म्हणेन की तू खोटं बोलतेस, आणि लोक माझंच खरं मानतील, कारण राहिले मी आणि गेलीस तू. शनिवारी ती बस धरून घरी आली पाहिजे. शाळेचं वर्ष शेवटचं आहे. तुझ्या व्हॅनमध्ये फिरून तिचं काय होणार आहे ते तुझ्याकडे बघून कळतं. चाळिशी उलटली आणि अजून लोकांच्या नाचण्याआधी गाते आहेस, मुख्य माणूस यायच्या आधी.

मी तिला फोन करते तर ती उचलते आणि बोलते. "हो", "नाही", "ठीक आहे". ओरडली असती तर मी ओरडले असते.

शिवणवाली


५ जुलै

टाचणीच्या आईस,

त्या शनिवारी ती आली. तू बसमध्ये बसवून दिलंस, त्याबद्दल तुझे आभार मानायचे असतात, मानते.

मी सकाळपासून घर आवरलं होतं. लिफ्टवाल्याला कामावर जायला लावलं. ती आत आली, बूट काढले, तुझ्याकडची कुठलीशी पिशवी ठेवली आणि बगलेतला तंबू खाली टाकला. मी म्हटलं, जेवतेस? म्हणाली की खाऊन आलेय. मग टेबल भिंतीला सरकवलं, खुर्च्या एकावर एक ठेवल्या आणि बैठकीच्या खोलीत तंबू पसरला. मेणाची वडी कुठे असते ते तिला विचारावं लागलं नाही.

ती माथ्याच्या शिवणीपाशी गुडघ्यांवर बसली आणि मेण घासायला लागली. मी बाजूला उभी. लहानपणापासून ते हात मी बघत आलेय. आधी वडी सरळ ओढायची, मग अंगठ्याने लहान लहान गोल करत दाबायचं, एकही टाका सोडायचा नाही. मीच शिकवलंय. मला वाटलं की असंच चालू राहिलं तर बरं, शिवण अजून लांब असती तर बरं.

अर्ध्यावर आली तेव्हा तिने विचारलं, "कोरडी का ठेवलीस?"

मी म्हटलं, "विसरले गं."

तिने मान वर केली नाही. "तू विसरत नाहीस, काकू."

मग पुढचे टाके घासत म्हणाली, "कोट तुला सापडला होता ना? घडी तशीच होती, पण वरचा टॉवेल तू उलटा ठेवलास. मला वाटलं तू भांडशील. मी कोट काढून ठेवणार होते. तू भांडली असतीस तर मी काढून ठेवला असता."

मी तिथेच खाली बसले. तिला म्हटलं की तू गेली असतीस म्हणून मी असं केलं. ती म्हणाली की माहीत आहे. मी म्हटलं की तुला काही होऊ नये म्हणून पंप कोरडा ठेवला होता. तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं.

"तेच मला सगळ्यांत जास्त लागलं," ती म्हणाली. "चुकून झालं असतं तर पिशवी बंद नसती."

तिने पुन्हा वडी उचलली. शिवण पुरी केली. तंबूचा माथा बाथरूममध्ये नेऊन त्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि खालून हात लावून बघितलं. एक थेंब आला नाही. फडक्याने पुसला, घडी घातली. तिच्या खोलीतून पुस्तकं घेतली, शाळेचे कागद घेतले. कोट तिकडेच होता. ताडपत्रीची ती पिशवी तिने धुऊन, सुकवून आणली होती, ती माझ्या शिलाई मशीनवर ठेवली. मी म्हटलं, ही ने, पंप ठेवायला लागेल. म्हणाली, "आई दुसरी घेणार आहे."

हे तिने मला दुखवायला म्हटलं नाही. सहज म्हटलं. म्हणून जास्त लागलं.

दारात तिने पाठीवर पिशवी चढवली, तंबू बगलेत घेतला आणि म्हणाली, "जाते."

आपल्यात कुणी असं म्हणत नाही. शेजारच्या दुकानातून साखर आणायला निघालं तरी माणूस येते म्हणतं. तू बारा वर्षांसाठी निघालीस तरी येते म्हणून निघालीस. ती इतकं खोटं बोलली नाही. ते तिने माझ्याकडून घेतलं असं मी कधीकाळी म्हटलं असतं.

लिफ्टवाला संध्याकाळी आला, टेबल भिंतीशी सरकलेलं बघितलं आणि सगळं समजला. त्याने टेबल जागेवर आणलं, खुर्च्या लावल्या, आणि ती बसायची ती खुर्ची चुकून माझ्या बाजूला लावली. मग परत उचलून तिकडे ठेवली.

आता कामाचं. पंपावर तारीख असते, ती बघत जा, ती स्वतः बघत नाही. डाव्या कुशीवर झोपली की खोकते, उजव्या कुशीवर वळव, उठत नाही. खोटं बोलली की कान लाल होतात. तंबूला दर वर्षी पावसाआधी एकदा मेण लावावं लागतं. तिला सांगावं लागणार नाही. शाळा तिकडची चांगली बघ, गणितात हुशार आहे. तुझा आवाज तिच्यात आहे, ते मी कारखान्यातल्या बायकांपाशी नाकारलं होतं, तुझ्यापाशी कबूल करते. विसाव्या तारखेचं एक पत्र मी टाकलं नव्हतं, तेही या पाकिटात घातलंय. तू वाच. मग तिला दाखव किंवा फाडून टाक, माझं म्हणणं काही नाही.

आणखी एक विचारायचं आहे. लांबडी परवा पुन्हा आली होती, राहिलेले टाचणीचे मोजे द्यायला. बोलता बोलता म्हणाली की शुक्रवारी दुपारी, तंबू उभा राहिला तेव्हा, शेजारच्या तंबूतली पोरं बघायला आली. असला तंबू कुठे मिळाला म्हणून विचारायला लागली. तेव्हा टाचणी म्हणाली, "विकतचा नाही, माझ्या आईने शिवलाय." मोठ्याने म्हणाली, दोन-तीनदा म्हणाली, जो येईल त्याला सांगत होती.

लांबडी बडबडी आहे, तिचं काही खरं नाही. कधी कधी माणसाला बरं वाटावं म्हणूनही बोलते. पण तू तेव्हा तिथे दोरी धरून उभी होतीस. तू ऐकलं असशील. तुला सुई धरता येत नाही, तेव्हा ती कुणाबद्दल बोलत होती हे तुलाही कळलं असेल, आणि तू गप्प राहिली असशील.

मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. एवढं लिहून कळव, की ती तसं म्हणाली होती. पावसाच्या आधी म्हणाली होती. तुझ्या त्या छान कागदावर लिहू नकोस, कसल्याही कागदावर लिही, एक ओळ पुरे. बाकी काही लिहू नकोस.

काकू